गंधाचा वाकडा टिळा

अष्टमीच्या संध्याकाळी कार्त्यायनी अम्मांच्या घरातलं सगळं कामाचं सामान सरस्वतीपुढे जाऊन बसलं. केळीच्या पानावर विळी, कोयता आणि शिवणाची कात्री. पाटावर रेशमी कापडात बांधलेली पुस्तकं. शेजारी अम्मा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असताना कानाला लावत तो जुना हेडफोन, जो आता कशालाच जोडता येत नाही. आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यावर, सगळ्यांत उंच जागी, सुनेचा, म्हणजे जिन्सीचा, नवा लॅपटॉप.

आता विजयादशमीच्या सकाळपर्यंत यातल्या कशालाही हात लावायचा नव्हता. वाचायचं नाही, लिहायचं नाही. हा नियम ओट्टपालमच्या आसपास बहुतेक घरांत पाळतात, पण अम्मा तो जरा जास्तच पाळत. दारात पडलेलं वर्तमानपत्र घडी न मोडता माळ्यावर जाई. भिंतीवरचं कॅलेंडर उलटं टांगलं जाई. त्यांचा मुलगा प्रजीत सहावीत असताना बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं वाचताना सापडला होता, तेव्हा अम्मांनी पुडा काढून घेतला आणि बिस्किटं बशीत घालून दिली. ही गोष्ट तो अजून सांगतो.

जिन्सीने लॅपटॉप पूजेत ठेवावा असं अम्मा म्हणाल्या नव्हत्या. म्हणायचं धाडसही त्यांना झालं नसतं. मुलगी त्रिश्शूरच्या ख्रिस्ती घरातली. लग्न वैशाखात, रजिस्ट्रारच्या कचेरीत झालेलं. दोन्हीकडच्या मंडळींनी आधी तोंडं फिरवली आणि मग एकेक करून वळवली. या घरातलं तिचं हे पहिलंच नवरात्र. सकाळी ती मऊ फडक्याने लॅपटॉप पुसत देवघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली होती. "अम्मा, माझंही ठेवलं तर चालेल? माझं हत्यार हेच आहे."

अम्मांनी पाटावरची पुस्तकं नीट लावायच्या निमित्ताने पाठ वळवली. डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, "दे. वरच ठेवू."

हत्यार म्हणजे खरोखरच हत्यार होतं. जिन्सी इमारतींचे नकाशे काढायची. कोचीतली नोकरी सोडून ती या गावात आली, ती इथूनच काम करीन या भरवशावर. आणि पहिलं काम मिळालं गावच्या वाचनशाळेचं. वर एक मजला चढवायचा होता. वाचनशाळेच्या सेक्रेटरींना पालक्काडचा अनुभवी माणूस हवा होता. अम्मा स्वतः समितीवर आणि पोरगी घरचीच, म्हणून त्या बैठकीत तोंड उघडू शकल्या नाहीत, पण बाकीच्यांनी पोरीला संधी द्या म्हटलं. विजयादशमीच्या संध्याकाळी समितीपुढे नकाशा मांडायचा होता. नकाशा या लॅपटॉपमध्ये होता आणि फक्त त्यातच होता. आज-उद्या दुसरीकडे उतरवून ठेवू म्हणता म्हणता ते राहून गेलं होतं.

पूजा आटोपली. प्रजीत आणि जिन्सी नवे कपडे आणायला ओट्टपालमच्या बाजारात गेले. अम्मा समईत तेल घालायला देवघरात आल्या, आणि तेव्हा त्यांच्या नजरेला तो टिळा पडला. पुस्तकांवरचे, कोयत्यावरचे, हेडफोनवरचे टिळे जागच्या जागी होते. लॅपटॉपवरचा मात्र किंचित डावीकडे गेला होता. दुसऱ्या कशावर असता तर त्यांनी सोडून दिला असता. पण पोरीने आपण होऊन दिलेली वस्तू, आणि तिच्याच कपाळी वाकडं गंध?

नियम हात लावायचा नाही असा होता. बोटाच्या टोकाने गंध सरळ करणं म्हणजे हात लावणं होत नाही, असं त्यांनी स्वतःला पटवलं आणि त्या पुढे वाकल्या. त्यांच्या मुंडूच्या, म्हणजे दोन भागांत नेसायच्या पांढऱ्या वस्त्राच्या, पदराचा काठ मागच्या फळीवरच्या तीर्थाच्या किंडीत अडकला आणि ती लवंडली. किंडीला चहाच्या किटलीसारखी नळी असते. ती आडवी झाली की भांड्यासारखी एकदम सांडत नाही. आवाज न करता, धार धरून गळत राहते. टिळा सरळ झाला. अम्मा मागे सरून तो पाहत उभ्या राहिल्या, आणि मग पुस्तकांचं रेशमी कापड गडद होताना त्यांना दिसलं.

पाणी लॅपटॉपच्या मागच्या बाजूला, जिथे झाकण दुमडतं तिथल्या फटीतून आत गेलं होतं. किती ते कळायला मार्ग नव्हता. तुळशीची पानं फटीशी चिकटली होती.

पुढे अम्मांनी जे केलं ते त्यांनी नोकरीत कधीच केलं नसतं. लाइन बिघडली तर बिघडली म्हणून सांगायचं, हा त्यांचा शिरस्ता. आता त्यांनी पदराने झाकण पुसलं. पानं वेचली. पुस्तकांखाली कोरडं कापड सरकवलं. पुसताना टिळाही गेला म्हणून नवा लावला, अगदी मधोमध. मग दारात बसल्या. परवा सकाळपर्यंत कोणी हात लावणार नव्हतं. परवा ते चाललं नाही तर यंत्र नवीन आहे, नवी यंत्रंही बिघडतात. कोणी विचारलंच नसतं.

देवघरात समईचा उजेड होता. त्या उजेडात लॅपटॉपच्या कडेला एक बारीक पांढरा दिवा मंद होत होता आणि पुन्हा पेटत होता. झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तसा. पोरीने ते बंद केलंच नव्हतं, नुसतं मिटलं होतं. अम्मा तो दिवा बघत राहिल्या. मग कडेतून पाण्याचा एक थेंब बाहेर आला आणि पुस्तकावर पडला.

त्यांनी फोन उचलला.

फोनवर बोलताना अम्मांचा आवाज वेगळाच होई. एक्स्चेंजमधला. मृत्यूची बातमी असो की बारशाची, तो एकाच पट्टीत चाले. त्याच पट्टीत त्यांनी सुनेला सांगितलं की तीर्थाची किंडी लवंडली, पाणी तुझ्या लॅपटॉपच्या आत गेलं आहे, आणि चूक माझी आहे. फोन मात्र दोन्ही हातांनी धरला होता.

पलीकडे बाजाराचा गलका ऐकू येत होता. जिन्सीने विचारलं की कडेचा दिवा पेटतोय का. पेटतोय म्हटल्यावर ती म्हणाली, "ते चालू आहे. लगेच बंद करायला हवं." आणि मग थांबून, जरा चाचरत, "पण अम्मा, पूजेत ठेवलंय ना. हात लावलेला चालेल?"

एवढ्या वर्षांत या घरात तो प्रश्न कोणी विचारला असता तर उत्तर एकच असतं.

"सरस्वतीला फोन मी लावते," त्या म्हणाल्या. "तू कळ कुठली ते सांग."

जिन्सीने सांगितलं. अम्मांनी झाकण उघडलं. आतल्या कळा ओल्या होत्या, काहींच्या मध्ये पाण्याचे मणी उभे होते. उजवीकडची वरची कळ दाबायची, दाबूनच धरायची, पडदा उजळला तरी सोडायची नाही. पडदा उजळला. त्यावर जिन्सीचा आणि प्रजीतचा नदीकाठचा फोटो आला. अम्मांनी कळ सोडली नाही. फोटो गेला, दिवा विझला. पुढची सूचना आली: उलटं करा, उघडंच ठेवा, तंबूसारखं, पडदा आणि कळा खाली. मऊ टॉवेलावर. पंखा बाजूला लावा, पण गरम हवा नको. अम्मा प्रत्येक सूचना ऐकून पुन्हा म्हणून दाखवत आणि मग करत. शेवटी जिन्सी म्हणाली, "झालं. आता कोणीही काही करायचं नाही. आम्ही निघतोय."

"कोणीही काही करायचं नाही," अम्मांनी म्हणून दाखवलं.

हे पाळायला सगळ्यात जड गेलं ते प्रजीतला. तो घरात शिरला तोच चपला काढता काढता म्हणाला की एकदा लावून बघू या, म्हणजे गेलंय की आहे ते तरी कळेल. जिन्सीने त्याला सांगितलं की आत पाणी असताना लावलं तर नक्कीच जाईल. मग तो केस वाळवायचं यंत्र घेऊन आला. ते त्याच्या हातातून काढून घेतल्यावर तो स्वयंपाकघरात गेला आणि तांदळाचं पिंप आपटत बाहेर आणलं. त्याने कुठेतरी ऐकलं होतं की ओला फोन तांदळात पुरला की तांदूळ पाणी पितात.

"तांदळाची भुकटी फटींत जाईल," जिन्सी म्हणाली. "मग तो लॅपटॉप नाही, तांदळाच्या पिठाचा पुट्टू होईल."

अम्मांना हसू आलं आणि लगेच आपल्याला हसायचा काय अधिकार असं वाटून त्या गप्प झाल्या. त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन केला. बसस्टँडजवळ मणिकंठनचं दुकान आहे. रेडिओपासून मोबाइलपर्यंत सगळं तो उघडतो, आणि अम्मांना चेच्ची, म्हणजे ताई, म्हणतो. त्याने आधी विचारलं की काय सांडलं. अम्मा म्हणाल्या, तीर्थ.

"पाणी म्हणा, चेच्ची. आत गेल्यावर ते पाणीच. साखर, दूध काही होतं त्यात?"

नव्हतं. तुळस होती. मणिकंठन म्हणाला की ते बरं झालं, आणि परवा सकाळी उघडून देतो. परवा का, आत्ता का नाही, असं अम्मांनी विचारलं. त्याचे स्क्रूड्रायव्हर पूजेत होते. त्याच्या आईने ते लाल दोऱ्याने बांधून सरस्वतीपुढे ठेवले होते आणि स्वतः शेजारी बसली होती.

अम्मांनी त्याला नियमाला अपवाद कसा असतो ते समजावायला सुरुवात केली. मीसुद्धा आज लॅपटॉपला हात लावला, त्या म्हणाल्या. मणिकंठन ऐकून घेत होता. मग म्हणाला, "चेच्ची, तुम्ही मागच्या वर्षी माझ्या दुकानात येऊन नवमीला दुकान उघडं ठेवलं म्हणून मला बोलून गेला होतात. गिऱ्हाईकासमोर." आणि मऊपणे, "ओट्टपालमभर हिंडलात तरी आज कोणाचं हत्यार मोकळं सापडायचं नाही. आणि खरं सांगू? मोकळं असतं तरी मी वाळायलाच ठेवलं असतं. परवापर्यंत बटणाला हात नको. एवढं सांभाळा."

म्हणून तसं ठरलं. तंबूसारखा उभा केलेला लॅपटॉप, टॉवेलासकट, पुन्हा सरस्वतीपुढे गेला. शेजारी टेबलफॅन. अम्मा चटई घेऊन देवघराच्या दारात बसल्या आणि प्रजीत तिकडून गेला की त्याच्याकडे नुसतं बघत. तो दोनदा पाणी प्यायच्या निमित्ताने आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा अम्मांनी तांब्या दारातच आणून ठेवला होता.

नवमीचा दिवस लांबलचक निघाला. एरवी जिन्सी सकाळी नाश्ता झाला की वरच्या खोलीत जाई आणि दुपारी जेवायला खाली येई. अम्मा वर चहा नेऊन देत, पडद्यावरच्या निळ्या रेघा बघत आणि काही न विचारता खाली येत. विचारलं तर आपलं अज्ञान दिसेल, आणि पोरीला व्यत्यय होईल. आता जिन्सीला काहीच काम नव्हतं. ती अंगणात पायरीवर बसली होती, उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर फिरवत. रेघा ओढत होती.

अम्मा शेजारी येऊन बसल्या. कोरा चहा दोघींच्या मध्ये ठेवला. आठवतोय का नकाशा, त्यांनी विचारलं. जिन्सी म्हणाली सगळा आठवतोय, पण कागदावर काढायचा म्हटलं तरी आज लिहायचं नाही ना. तिने हे तक्रारीने म्हटलं नव्हतं. ते अम्मांना जास्तच लागलं.

"लिहायचं नाही," अम्मा म्हणाल्या. "मांडायला कोणी नाही म्हटलंय?"

विहिरीमागे नारळाच्या करवंट्यांचा ढीग होता, चुलीसाठी साठवलेला. जिन्सी आधी हसली, मग उठली. पावलं टाकून तिने अंगण मोजलं. वाचनशाळा अंगणापेक्षा थोडी मोठी निघाली, म्हणून एक कोपरा गोठ्यात गेला. करवंट्यांच्या ओळी म्हणजे भिंती. ओळ तुटली तिथे दार. जिथे खिडकी तिथे करवंटी उताणी. प्रजीतला ने-आण करायला लावलं, त्यामुळे तो देवघरापासून लांब राहिला.

मांडून झाल्यावर अम्मा वाचनशाळेत शिरल्या. मुंडूचा काठ उचलून, उंबरा ओलांडल्यासारखा पाय टाकून. खालच्या मजल्यावर वर्तमानपत्रांची टेबलं होती ती त्यांना माहीत होती. तिथून त्या चालत जिन्याशी आल्या आणि थांबल्या.

"वर स्त्रियांची खोली आहे ना?"

जिन्सीने हो म्हटलं. समितीनेच तशी मागणी केली होती.

"मग मी काही वर यायची नाही," अम्मा म्हणाल्या. जिना वर्तमानपत्रांच्या खोलीच्या मधून जात होता. तिथे दिवसभर गावातले पुरुष बसतात. समितीच्या बैठकीला त्या समितीच्या म्हणून जातात, तो प्रश्न नाही. पण रोज संध्याकाळी पुस्तक बदलायला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सगळ्यांना आपल्या हातातलं पुस्तक दिसेल असं चढून जायचं, ते इथली कुठली बाई करणार? दोन दिवस येतील. मग मुलाच्या हाती पुस्तक मागवतील.

जिन्सी करवंट्यांच्या जिन्याकडे बघत राहिली. मग तिने त्या एकेक उचलल्या आणि बाहेरच्या व्हरांड्याला, विहिरीच्या बाजूला, लावायला सुरुवात केली. अम्मांना वाटलं सगळंच आपल्या मनासारखं होतंय, म्हणून त्यांनी मोठ्या खिडक्याही तिकडेच करायला सांगितलं. तिकडे पश्चिम येते, जिन्सी म्हणाली, दुपारी वाचायला बसलात तर अंडं उकडेल. त्यावर बराच वाद झाला. प्रजीतने दोन्ही बाजूंना मान डोलावली आणि दोघींचीही बोलणी खाल्ली. खिडक्या शेवटी जिन्सीच्याच जागी राहिल्या.

संध्याकाळी दोघी पायरीवर वेफर खात बसल्या असताना अम्मा म्हणाल्या, "काल मी तुला लगेच फोन नाही केला. आधी पुसून ठेवलं होतं. गप्प बसायचं ठरवलं होतं."

"माहिती आहे," जिन्सी म्हणाली. "आल्या आल्या झाकणावरचा टिळा बघितला. आधीचा नव्हता. आणि इतका सरळ होता की तो पूजेच्या गडबडीत लागलेला असणं शक्य नव्हतं." तिने वेफरची वाटी अम्मांकडे सरकवली. "पण फोन केलात."

अम्मांनी वाटीत हात घातला आणि वेफर न घेताच बाहेर काढला.

विजयादशमीला सकाळी मणिकंठन स्कूटरवरून आला तेव्हा त्याच्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठींवर चंदन तसंच होतं. अम्मांनी त्याला आधी पायरीवरच बसवलं. आधी अक्षरं, मग स्क्रू; न लिहिण्याचा नियम या सकाळी तांदळात बोटाने अक्षरं गिरवूनच सुटतो. ताटात तांदूळ पसरले होते. प्रजीतने बोटाने लिहिलं. मणिकंठननेही लिहिलं. जिन्सीची पाळी आली तेव्हा अम्मांनी तिचं बोट धरायला हात पुढे केला, आणि मग विचारलं, चालेल ना.

"लहानपणी चर्चमध्येही असंच लिहिलं होतं, अम्मा. तांदळातच. पाद्री अच्चननी बोट धरलं होतं."

अम्मांना हे ठाऊक नव्हतं. "आणि तरी तुझं अक्षर असं?" त्या म्हणाल्या, आणि तिचं बोट धरून तांदळात पहिली अक्षरं काढली. दोघी दोन दिशांना ओढत होत्या, त्यामुळे ती फारशी चांगली आली नाहीत.

मणिकंठनने लॅपटॉप पालथा घालून मागचं झाकण काढलं. तिघेही त्याच्या डोक्यावरून वाकले. तो म्हणाला, उजेड अडवू नका. तिघेही मागे सरले आणि पुन्हा वाकले. आत पाणी उरलं नव्हतं. एका कोपऱ्यात त्याच्या सुकलेल्या कडा पांढऱ्या दिसत होत्या. तिथे त्याने स्पिरिटचा ब्रश फिरवला. मग चिमटा आत घालून पंख्याच्या पात्यांतून तुळशीचं एक पान बाहेर काढलं, वाळून कुरकुरीत झालेलं, आणि काही न बोलता अम्मांच्या तळहातावर ठेवलं.

झाकण बसवून त्याने लॅपटॉप सरळ केला आणि जिन्सीपुढे सरकवला. जिन्सीने कळ दाबली नाही. तिने अम्मांचं बोट धरलं, थोड्या वेळापूर्वी त्यांनी तिचं धरलं होतं तसंच, आणि उजवीकडच्या वरच्या कळेवर टेकवलं. "तुम्हीच बंद केलं होतंत."

अम्मांनी दाबलं. काही झालं नाही. प्रजीतने श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला. मग पंख्याची बारीक घरघर सुरू झाली, पडदा उजळला आणि नदीकाठचा फोटो आला.

नकाशा होता. खालच्या ओळीतल्या दोन कळा चालत नव्हत्या. मणिकंठन म्हणाला त्या नंतर बदलून देतो. जिन्सीने तिथेच, देवघराच्या दारात मांडी घालून, जिना उचलला आणि बाहेरच्या व्हरांड्याला लावला. अंगणातल्या करवंट्या मधूनमधून मान वळवून बघत होती. अम्मा चहा घेऊन आल्या आणि या वेळी परत गेल्या नाहीत. शेजारी बसल्या, आणि कुठली रेघ म्हणजे काय ते विचारू लागल्या.

काम संपत आलं तेव्हा त्या हलकेच म्हणाल्या की पुढच्या वर्षी लॅपटॉप नको, एखादी वही ठेव. सरस्वतीला वहीही चालते.

"पुढच्या वर्षीही हाच ठेवीन," जिन्सी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "फक्त टिळा वाकडा लागला तर वाकडाच राहू द्या, अम्मा."

अम्मांनी हो म्हटलं. मग झाकणाच्या मागे वाकून पाहिलं. उलटंपालटं करण्यात आणि टॉवेलात पुसण्यात परवाचा टिळा जवळजवळ गेला होता, उजवीकडे थोडंसं पिवळं उरलं होतं. त्यांचं बोट पुढे झालं, हवेत थांबलं, आणि त्यांनी ते परत मुंडूच्या काठात गुंडाळून घेतलं.